गाऱ्हाणंही त्यालाच, आभारही त्यालाच

परवा तू विचारलंस, "ताई, देवबापाला सगळं आधीच ठाऊक असतं, मग रोज तेच तेच सांगायचं तरी कशाला?" विचारलंस ते फार बरं केलंस. कितीतरी बाया हा प्रश्न मनात दाबून वर्षानुवर्षं उपासनेला येतात, डोळे मिटतात, 'आमेन' म्हणतात आणि जे ओझं घेऊन आल्या तेच घेऊन घरी परततात. तुझं तसं होऊ नये म्हणून आज जरा सविस्तर बोलते. हातातलं काम बाजूला ठेव.

मार्काच्या दहाव्या अध्यायातला बार्तीमय आठवतो ना? यरीहोच्या रस्त्यावर बसणारा आंधळा भिकारी. लोक त्याला गप्प बस म्हणून दटावत होते, तरी तो ओरडतच राहिला. येशूने त्याला जवळ बोलावलं आणि विचारलं, तुझ्यासाठी मी काय करू? आता सांग, आंधळा माणूस समोर उभा आहे. त्याला काय पाहिजे ते शेंबड्या पोरालाही कळेल. तरी प्रभूने विचारलं. त्याच्या तोंडून वदवून घेतलं. मला यात फार माया दिसते. त्या माणसाच्या पुढ्यात लोक नाणं टाकत असतील आणि चालू लागत असतील. 'बाबा, तुला काय हवंय' असं त्याला उभ्या जन्मात कुणी विचारलं असेल का?

ठाऊक असणं वेगळं आणि ऐकून घेणं वेगळं. तुझी पाठ दुखते हे तुझ्या नवऱ्याला माहीत असतंच की. तरी रात्री जेवणं झाल्यावर त्याने 'आज कशी आहे गं पाठ?' असं विचारलं आणि तू दोन मिनिटं बोललीस, की दुखणं तेवढंच असूनही जीव हलका होतो. देव ऐकून घेतो म्हणतात ते असं. आपण बातमी सांगतो आणि मग त्याला ती कळते, असा तो मामला नाही. तो आपल्याला जवळ बसवून घेतो.

पण आपण जवळ बसतो कुठे? आपल्या मंडळीत प्रार्थनेची एक ठरलेली भाषा आहे. 'हे परमदयाळू, सर्वसमर्थ स्वर्गीय पित्या' इथपासून सुरुवात होते आणि पुढचं सगळं त्याच चालीत जातं. ती भाषा मला आवडते. आजी-आजोबांकडून आलेली आहे, रविवारी चार माणसांत तीच शोभते. मात्र घरातही तुला तेवढीच येत असेल, तर खरं दुखणं त्या भाषेत मावत नाही. "आमच्या कुटुंबावर तुझी कृपादृष्टी असू दे" एवढं म्हणून आपण उठतो, आणि मनात मात्र सोमवारचा बचत गटाचा हप्ता, सासऱ्यांचा डायलिसिस आणि नणंदेचं टोचून बोलणं तसंच घोळत राहतं.

शिरोलीकडच्या एका घरगुती प्रार्थनासभेत मी एका बाईची प्रार्थना ऐकली. नवरा फाउंड्रीत होता, काम सुटलेलं. एकेक जण व्यवस्थित प्रार्थना करत होता. हिची पाळी आली तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "देवबापा, मालकांच्या हाताला काम न्हाई. थोरलीची फी ऱ्हायलीया. मला रातची झोप येत न्हाई. आता तूच बघ." एवढंच. 'येशूच्या नावानं' म्हणायलाही विसरली, शेजारणीने हळूच आठवण करून दिली. त्या खोलीत त्या दिवशी त्याहून खरी प्रार्थना झाली नाही. नवऱ्याचं काम, मुलीची फी, आपली झोप. तीन गोष्टी, तिन्ही नावानिशी.

देवाशी अशा घरच्या बोलीत बोलायला मराठी माणसाला कुणी शिकवायची गरज नव्हती खरं तर. तुकोबा विठ्ठलाशी भांडले, त्याच्यावर रुसले, त्याला जाबही विचारला. जनाबाईने तर दळणकांडणात त्याला शेजारी बसवलं. आपले रेव्हरंड टिळक याच मातीतले. नारायण वामन टिळक १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी जन्मले, १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि ख्रिस्ती झाल्यावरही अभंगाची गोडी त्यांनी सोडली नाही. तुकारामांचं ऋण ते उघड मान्य करत. आज 'उपासना संगीत' उघडून आपण टिळकांची गीतं टाळ-पेटीवर गातो, ती येशूशी इतक्या जवळिकीने बोलतात त्याचं कारण हेच आहे. हा वारसा आपल्याकडे असताना प्रार्थनेत उसनं अवसान आणायचं कशाला?

आणि त्यांच्या लक्ष्मीबाई! टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. घर मोडलं, पुढची काही वर्षं त्या नवऱ्यापासून दूर राहिल्या. १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, पण त्याआधीचा राग, रडणं, अपमान, जीवघेणी घालमेल त्यांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये झाकून ठेवली नाही. पुढे टिळकांनी अपुरं ठेवलेलं 'ख्रिस्तायन' त्यांनीच पूर्ण केलं. 'स्मृतिचित्रे' तू वाचलं नसशील तर या उन्हाळ्यात वाच. विश्वासात आलेली बाई आधीचं दुःख खोटं ठरवत नाही, हे त्या पुस्तकात पानोपानी दिसतं.

आता मला हन्नाबद्दल बोलायचंय. १ शमुवेलचा पहिला अध्याय मी तरुण मुलींना पुन्हा पुन्हा वाचायला सांगते, कारण त्यात आपल्या घरांत घडतं ते सगळं आहे. हन्नाला मूल नाही. सवत पनिन्ना लेकुरवाळी, आणि ती वर्षानुवर्षं हिला डिवचते, तेही नेमकं देवाच्या मंदिरात जायच्या दिवसांत. नवरा एलकाना वाईट माणूस नाही. तिच्यावर जीव आहे त्याचा. पण तिची समजूत कशी काढतो? दहा मुलांपेक्षा मी तुला बरा नाही का, असं विचारतो. बिचाऱ्याला वाटतं, आपण धीर दिला. बाईला मात्र आणखी एकटं वाटतं. हे तुझ्या ओळखीचं आहे का गं? मला तरी ओळखीच्या कितीतरी घरांत एलकाना दिसतात.

मग ती उठते, शिलोच्या मंदिरात जाते आणि रडून रडून प्रार्थना करते. ओठ हलतात, आवाज फुटत नाही. दाराशी बसलेला एली याजक पाहतो आणि त्याला वाटतं, ही बाई प्यायलेली आहे! देवाच्या दारात देवाच्या माणसानेच तिच्यावर संशय घेतला. दुसरी असती तर तिथून उठली असती आणि पुन्हा मंदिराची पायरी चढली नसती. हन्ना नम्रपणे पण स्पष्ट सांगते, मी दारू प्यायले नाही, मी परमेश्वरापुढे माझं मन मोकळं करते आहे. चूक कळल्यावर एलीही सुधारतो, तिला शांतीने जा म्हणतो. मंडळीत कुणी तुला चुकीचं समजलं, कुणी तुझ्या रडण्याचा भलता अर्थ काढला, तर हन्ना आठव. देवाशी चाललेलं बोलणं माणसांच्या गैरसमजामुळे थांबवायचं नाही.

आणि पुढचं वाक्य नीट वाच. ती गेली, जेवली, आणि तिचा चेहरा पुन्हा उदास राहिला नाही. शमुवेल तेव्हा पोटातही नव्हता. घरी पनिन्ना तीच, टोमणे तेच. काहीही बदललेलं नसताना हन्ना जेवली. देवापुढे सगळं ओतलं आणि ओझं तिथेच ठेवून आली. उत्तर मिळालं म्हणून तिला शांती मिळाली असं नाही. शांती आधी आली, उत्तर नंतर. आपण याच्या अगदी उलट वागतो. उत्तर मिळेपर्यंत अन्न गोड लागू द्यायचं नाही असंच जणू ठरवतो.

आभाराचं गीत तिने कधी गायलं ते पाहिलंस? दुसऱ्या अध्यायात. बाळ झालं तेव्हा गायली असेल, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. अंगावरचं दूध तोडल्यावर त्या एवढ्याशा लेकराला नवसाप्रमाणे मंदिरात ठेवून निघताना तिचं स्तुतिगीत आलं. पोटचा गोळा दूर राहणार होता त्या दिवशी. पुढे दरवर्षी ती त्याच्यासाठी एक छोटा झगा शिवून नेत असे. आईच ती, मनातल्या मनात त्याची वाढलेली उंची मोजत असेल. हन्नाचं गाऱ्हाणं आणि हन्नाचे आभार, दोन्ही डोळ्यांत पाणी असतानाचेच.

यावरून मला जे सगळ्यांत जास्त कळकळीने सांगायचं आहे तिथे येते. आभाराचं झाकण करून गाऱ्हाण्यावर ठेवू नकोस.

आपल्याकडे हे फार चालतं. आपल्या कोल्हापुरातला ऑगस्ट २०१९ चा महापूर आठव. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं पाण्यात होती, हायवे बंद होता, शहरात दूध-भाजीचे वांधे झाले. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर गाळ, भिंतींना ओल, धान्याला वास, शाळेची पुस्तकं फुगून बसलेली. आणि अशा घरात मदतीला आलेलं कुणीतरी म्हणतं, "जीव वाचला ना? मग देवाचे आभार माना." म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. जीव वाचला हे खरंच, आणि त्यासाठी आभार मानावेत हेही खरं. पण त्या बाईचं शिलाई मशीन गंजून गेलंय, ज्यावर घर चालत होतं. तिला आधी मशीनसाठी रडू दे. देवापुढे रडू दे. त्याच्यापुढे रडणं म्हणजे काही कृतघ्नपणा नाही.

स्तोत्रांचं पुस्तकच घे. दीडशे स्तोत्रांत गाऱ्हाण्यांची किती आहेत, एकदा वहीत खुणा करून बघ, थक्क होशील. तेरावं स्तोत्र उण्यापुऱ्या सहा वचनांचं. सुरुवातीलाच दाविद देवाला पुन्हा पुन्हा विचारतो, अजून कुठवर? शेवटी मात्र त्याच देवाच्या उपकारांचं गाणं गातो. सहा वचनांत दोन्ही. आणि अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर शेवटपर्यंत उजेडात येतच नाही, अंधारातच संपतं. तरी ते पवित्र शास्त्रात आहे. कुणी ते काढून टाकलं नाही, शेवटी गोड ओळ जोडली नाही. ज्या रात्री तुझ्या तोंडून आभाराचा शब्द निघणार नाही, त्या रात्रीसाठी देवाने आधीच एक प्रार्थना लिहवून ठेवली आहे. ती काढून वाच आणि झोप.

म्हणूनच मंडळीतल्या साक्षींबद्दल मला थोडं बोलावंसं वाटतं. साक्ष द्यावी, अवश्य द्यावी. मुलगा पास झाला, ऑपरेशन यशस्वी झालं, कर्ज फिटलं, मनापासून सांगावं, ऐकणाऱ्यांचा विश्वास वाढतो. पण आपल्याकडे माइकपुढे फक्त जिंकलेलीच माणसं येतात. मागच्या बाकावर बसलेली जिची सोयरीक तिसऱ्यांदा मोडली, ती काय समजते? माझाच विश्वास कमी पडला. आपण अशीही साक्ष ऐकायला शिकलं पाहिजे: "अजून काही झालेलं नाही, पण मी अजून त्याच्याशी बोलते आहे." माझ्या मते ती फार मोठी साक्ष आहे.

पौलाने अंगातला काटा जावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा गेला नाही. कृपा पुरेशी आहे एवढंच उत्तर आलं. खुद्द प्रभूने गेथशेमाने बागेत तीनदा तीच प्रार्थना केली आणि प्याला काही टळला नाही. आपल्या पंडिता रमाबाईंकडे बघ. दुष्काळात आई, वडील, थोरली बहीण गेली. १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली नवरा. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी शेकडो अनाथ मुली-बायकांना आसरा दिला, हिब्रू-ग्रीक शिकून सगळ्या बायबलचं मराठी भाषांतर हाती घेतलं, आणि १९२१ साली एकुलती एक लेक मनोरमा डोळ्यांदेखत गेली. पुढच्या वर्षी, ५ एप्रिल १९२२ ला, त्या स्वतः गेल्या. प्रार्थना करणाऱ्या बाईचं आयुष्य सुखाचं होतं असं तुला कुणी सांगितलं, तर रमाबाईंचं नाव घे.

बरं, आभारांकडे ये. आभार मानायचे नाहीत असं मी म्हणत नाही गं. उलट ते अधिक बारकाईने माना असं म्हणते. पौल फिलिप्पैकरांना लिहितो त्यात, चौथ्या अध्यायात, चिंता सोडून आपली मागणी देवाला कळवायला सांगतो आणि त्याच वचनात आभारप्रदर्शनही घालतो. मागणी आज आणि आभार नंतर कधीतरी, अशी सोय त्याने ठेवली नाही. आणि हे लिहिताना तो बंदीत होता. त्याच फिलिप्पै गावात पूर्वी फटक्यांनी पाठ सोलली असताना, पाय खोड्यात असताना, तो आणि सीला मध्यरात्री स्तुतिगीतं गात होते. त्यामुळे त्याने आभार मान म्हटलं, तर मी ऐकते. पोटभर जेवून पंख्याखाली बसलेल्याने म्हटलं, तर मला जरा जड जातं.

लूकच्या सतराव्या अध्यायातले दहा कुष्ठरोगी घे. दहाही बरे झाले, एकच मागे फिरला, आणि तोही शोमरोनी, म्हणजे परका. बाकीचे नऊ कुठे आहेत, असं येशूने विचारलं. पण त्या नऊ जणांचं बरेपण त्याने काढून घेतलं नाही, हे आपण विसरतो. आभार ही काही देवाच्या उपकारांची किंमत नव्हे. न दिल्यास वसुली होईल, असं नाही. तो दहावा मागे फिरला म्हणून त्याला प्रभूच्या पायाशी बसायला मिळालं, प्रभूचं बोलणं ऐकायला मिळालं. नऊ जण बरे होऊन आपापल्या घरी गेले. याची मात्र ओळख झाली.

हंगाम निघाल्यावर आपल्या मंडळीत उपकारस्तुतीची उपासना होते ती तुला आवडते, मला माहीत आहे. वेदीपुढे उसाची मोळी, गुळाची ढेप, भुईमुगाच्या शेंगा, वांगी, नारळ, अंड्यांची टोपली. मग उपासना संपल्यावर लिलाव, आणि साध्या भोपळ्याला चढाओढीने लागलेली बोली. त्यात मला काय आवडतं सांगू? तिथे आभार हातात धरता येतात. कुणी 'सर्व आशीर्वादांबद्दल' असं मोघम काही आणून ठेवत नाही. स्वतःच्या वाफ्यातली मेथीची जुडी आणतात. तुझ्या रोजच्या आभारांतही तसंच असू दे. 'आजच्या दिवसाबद्दल आभार' यापेक्षा 'आज सासूबाईंनी पहिल्यांदा स्वतःहून माझ्या ताटात भाकरी वाढली, त्याबद्दल आभार' असं म्हण. नळाला आज वेळेवर पाणी आलं, एस.टी.त इचलकरंजीपर्यंत बसायला जागा मिळाली, धाकट्याचा ताप उतरला. लहान गोष्टींना नाव दिलं की त्या आठवणीत राहतात, आणि वाईट दिवशी त्यांचाच आधार होतो.

एक वही कर. शंभर पानी साधी वही पुरे. डाव्या पानावर तारीख घालून गाऱ्हाणं लिही, उजव्या पानावर आभार. दोन्ही पानं रोज भरलीच पाहिजेत असं नाही. एखाद्या आठवड्यात डावीकडे गर्दी आणि उजवीकडे दोनच ओळी असतील, असू देत. कधी कधी मागची पानं चाळ. काही गाऱ्हाणी सुटलेली दिसतील, आणि ती कधी सुटली ते तुला कळलंही नसेल. काही तशीच असतील. त्यांच्यापुढे नवी तारीख घाल आणि पुन्हा सांग.

'एकांतात प्रार्थना कर' म्हणणं सोपं असतं, मला ठाऊक आहे. दोन खोल्यांत सहा माणसं, दार लावून घ्यायची खोली आणणार कुठून? तेव्हा जिथे तू एकटी असतेस तीच तुझी खोली. पहाटे पाणी भरताना, भाकऱ्या थापताना, रंकाळ्यावर चालायला जातेस तेव्हा. डोळे मिटलेच पाहिजेत असं काही नाही. हन्नाचे तर ओठच फक्त हलत होते.

आता माणसांबद्दल. देवाला सांगितलं म्हणून माणसाला सांगायचं नाही, असं नसतं. गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात एकमेकांची ओझी वाहा असं लिहिलंय, आणि तीनच वचनं पुढे प्रत्येकाने आपला भार वाहावा असंही. दोन्ही खरं. आपल्या कोल्हापुराशी नातं असलेली एक बहीण-भावाची जोडी सांगते. रॉयल वायल्डर हे मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले. वायल्डर मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचं. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली इथे कोल्हापुरात जन्मला, आणि ग्रेस ही त्याची थोरली बहीण. कुटुंब अमेरिकेत परतल्यावर प्रिन्स्टनच्या घरी रॉबर्ट तरुण विद्यार्थ्यांच्या सभा घेई, तेव्हा ग्रेस प्रार्थनेत त्याची पाठराखण करी. १८८६ साली माउंट हर्मनच्या मेळाव्यात शंभर तरुण परदेशी सेवेसाठी पुढे आले, त्यामागे या भावंडांच्या प्रार्थना होत्या. ग्रेस पुढे सेवेसाठी भारतात परतली. सभेत बोलणाऱ्याचं नाव लोकांना कळतं, बाजूच्या खोलीत गुडघ्यावर असलेलीचं फारसं कुणाला कळत नाही. तुलाही अशी एक हवी. एकच पुरे. जिला तू म्हणू शकशील, 'आज तू माझ्यासाठी प्रार्थना कर, मला जमत नाहीये.'

ती निवडताना मात्र सांभाळ. प्रार्थनेची विनंती म्हणून सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर चार ग्रुपांत फिरलेली मी पाहिली आहे. 'अमकीसाठी प्रार्थना करा गं, तिच्या घरी असं असं चाललंय' म्हणत सगळं घर उघड्यावर आणतात. ही प्रार्थना नव्हे, चहाडी आहे. पवित्र शब्दांत केली तरी चहाडीच. जिच्या तोंडी दुसऱ्यांची गुपितं तू ऐकतेस, तिला आपलं सांगू नकोस. आणि कुणी विश्वासाने तुला सांगितलं, तर ते तुझ्या आणि देवाच्या मध्ये राहू दे.

आणखी एक, हे फार महत्त्वाचं. काही ओझी अशी असतात की त्यांच्यासाठी प्रार्थना करायची आणि त्याच दिवशी उठून दवाखान्यातही जायचं. मिशनरी आपल्या भागात आले ते नुसती बायबलं घेऊन आले नाहीत. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत १८९४ साली रुग्णालय उभं केलं. प्रार्थना आणि शस्त्रक्रिया एकाच घरात नांदल्या, आणि यात कुणाला विश्वासाची कमतरता दिसली नाही. मग मनाच्या दुखण्यालाच आपण वेगळा न्याय का लावतो? बाळंतपणानंतर आठवडेच्या आठवडे रडू येतंय, झोप नाही, भूक नाही, जगणं नको वाटतंय, तर 'प्रार्थना कमी पडते' असं म्हणणाऱ्याचं ऐकू नकोस. सीपीआर रुग्णालयात डॉक्टरांना दाखव. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येतं. गोळी घेतानाही आभार मानता येतात.

आणि घरात हात उचलला जात असेल तर 'सहन कर, प्रार्थना कर, एक दिवस तो बदलेल' हा सल्ला पाळकसाहेबांनी दिला, आईने दिला किंवा मंडळीतल्या कुणी वडीलधाऱ्या बाईने दिला, तरी तो घेऊ नकोस. वधस्तंभ उचलणं म्हणजे मार खाणं असं प्रभूने कुठेही म्हटलेलं नाही. घरगुती हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा आहे, १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर आहे. तो फोन लावणं हाही देवापुढे ओझं ठेवण्याचाच भाग आहे, कारण त्याने तुझ्यासाठी उघडलेलं दार तुलाच ओलांडायचं आहे.

तुझ्या मनात सध्या काय आहे, मला थोडं थोडं ठाऊक आहे. सगळं विचारत नाही. तू आज रात्री भांडी आवरून झाली की पाच मिनिटं बस. ठरलेली वाक्यं बाजूला ठेव आणि पहिलं वाक्य तेच बोल, जे कुणालाच सांगितलेलं नाहीस. राग असेल तर रागानेच बोल. रडू आलं तर रड. मग आज घडलेली एखादी बरी गोष्ट आठवली तर तिचं नाव घे, नाही आठवली तर तेही सांग. आणि उठून जेव, उपाशी झोपू नकोस. रविवारी उपासनेनंतर मी महिला मंडळाच्या बाकाशी थांबते. नुसतं शेजारी येऊन बसलीस तरी चालेल, काही सांगितलंच पाहिजे असं नाही. आणि मधल्या दिवसांत जड झालं तर मला फोन कर, कितीही उशीर झालेला असला तरी कर.